पाचवी पिढी म्हणा, पण 'सुधारित' जपून

दारव्ह्याकडच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न: भरतीच्या पोरांसाठी टिपणं काढताना ग्लॉक पिस्तुलाच्या 'फिफ्थ जनरेशन'ला 'पाचवी पिढी' म्हणावं, की 'पाचवी सुधारित आवृत्ती'?

ताई, 'पाचवी पिढी' बिनदिक्कत लिहा. संगणकांमुळे यंत्रांच्या पिढ्या आपल्या कानाला सवयीच्या झाल्या आहेत. 'आवृत्ती'ही चालेल, कालव्याच्या पाण्याचं 'आवर्तन' म्हणतो, त्याच धातूतला शब्द. मला अडतं ते 'सुधारित'पाशी.

ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीत मुठीला बोटांसाठी खाचा आल्या. २०१७च्या पाचव्या पिढीत त्या काढल्या, कारण प्रत्येकाची बोटं काही त्या खाचांत नीट बसत नाहीत. मग सुधारणा कोणती, खाचा करणं की बुजवणं? इथे 'फेरबदल' हाच शब्द खरा.

सुधारणा पाहायची तर अमेरिकी सैन्याचं १९११ सालचं कोल्ट पिस्तूल घ्या. पुढच्या दशकात त्याचा चाप (ट्रिगर) आखूड केला, चापामागे बोटासाठी सांगाड्यात खोलगट जागा केली, घोड्याखालचं (मागून आपटणाऱ्या हॅमरखालचं) शेपूट लांबवलं, म्हणजे घोडा हाताच्या बेचक्याला चावू नये. नाव झालं १९११ए१. यंत्र तेच, हाताला बेतलेलं. रुमणं उंचीला बसेना म्हणून आपला शेतकरी सुताराकडून नवं करून घेतो, वखर तोच राहतो, तसंच हे.

बेरेटा ९२ या पिस्तुलाची गोष्ट निराळी. अमेरिकी सैन्यात त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, तुटून मागे उडाली, चालवणारे जखमी झाले. कंपनीनं घोड्याच्या खिळीचं डोकं मोठं केलं. आता स्लाइड तुटलीच तर ते तिला अडवतं. हे ९२एफएस. बैलाची खोड मोडावी तसं हे काम, आणि त्याला मी 'दुरुस्ती' म्हणेन. दुरुस्ती म्हणजे मोडलेलं जोडणं एवढंच नव्हे, 'घटनादुरुस्ती'त तो शब्द मूळ आराखड्यालाच लागतो. तिन्ही ठिकाणी 'सुधारित' लिहिलं, तर नेमकं काय बदललं हे पोरांना कळणारच नाही.

आणखी एक. तुमच्या टिपणात 'ग्लॉकचा घोडा ओढला' असं आहे. ट्रिगरला पुष्कळजण घोडा म्हणतात, पण मी 'चाप' लिहितो आणि 'घोडा' हॅमरसाठी राखतो. ग्लॉकला तर हॅमर नसतोच, आतला स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगवरची खीळ, काडतुसावर आपटतो. तेवढं वाक्य 'चाप ओढला' असं करून घ्या.