आजीच्या डोळ्यांत पाणी, प्रेक्षक मात्र कोरडे

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आणि दृश्यभाषा

प्रश्न : नौपाड्यातील आमची तीन मजली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामे करण्याच्या दिवशी मी मोबाइलवर आजीची सात मिनिटांची फिल्म केली. आजी लग्न होऊन त्या घरात आली आणि बावन्न वर्षे तिथे राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा एकही भाव सुटू नये म्हणून मी जवळजवळ सगळे शॉट क्लोज-अप घेतले. ती रडते तेव्हा तर पडद्यावर फक्त डोळे आहेत. घरच्यांना फिल्म पाहून रडू आले. महाविद्यालयातील मित्रांना मात्र काहीच वाटले नाही, एक जण तर ‘दमलो’ म्हणाला. सामान टेम्पोत भरताना भावानेही थोडे चित्रीकरण केले होते, पण त्यात आजी फार लहान दिसते म्हणून मी ते घेतले नाही. क्लोज-अपमधून भावना सर्वांत जास्त पोहोचते असे ऐकत आलो आहे. मग माझे चुकले कुठे?
— एक विद्यार्थी, ठाणे (प.)

उत्तर : आपली फिल्म आणि भावाचे चित्रीकरण, दोन्ही मी दोनदा पाहिले. कुठे चुकले याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. घरच्यांना रडू आले, कारण ते आजीला ओळखतात. तो जिना, ते स्वयंपाकघर, गॅलरीत वाळत घातलेली आजीची लुगडी, हे सगळे ते आपल्या आठवणीतून सोबत घेऊन आले होते. लाँग शॉट, म्हणजे दुरून दिसणारी दृश्ये, त्यांच्या डोक्यात आधीपासूनच होते, आपण फक्त क्लोज-अप पुरवलेत. मित्रांकडे त्यातले काहीच नव्हते. प्रत्यक्ष आयुष्यात आपण कोणाच्या चेहऱ्याच्या वीतभर जवळ कधी जातो? माया असेल तेव्हा, नाहीतर भांडण असेल तेव्हा. अनोळखी बाईच्या इतके जवळ पहिल्याच क्षणी नेऊन उभे केले, तर सभ्य माणूस मनाने दोन पावले मागे सरतो. मित्राला आलेला थकवा हा त्या मागे सरण्याचा थकवा आहे.

कॅमेरा जिथे उभा राहतो, तिथे प्रेक्षक उभा राहतो. मसुंदा तलावाच्या काठावर एखाद्या संध्याकाळी हे करून पाहावे. समोरच्या काठावर एकटाच बसलेला माणूस आपल्याला पाणी, नौका, गर्दी यांच्यातला एक ठिपका दिसतो, आणि त्याचे एकटेपण आपण त्या पसाऱ्यावरून ताडतो. हा लाँग शॉट. दहा पावलांवर आलो की त्याचे हात दिसतात, तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आहे की घड्याळ पाहत आहे हे कळते. हा मिड शॉट, आणि माणसाचे वागणे बहुतेक वेळा याच अंतरावरून वाचता येते. चेहरा मात्र जवळ जाऊनही स्वतःहून फारसे सांगत नाही. आधी जे पाहिले त्याचा अर्थ आपण त्या चेहऱ्यावर ठेवतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह याने १९२०च्या सुमारास केलेला प्रयोग हेच सांगतो: एका नटाचा एकच निर्विकार क्लोज-अप कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि नटाने भूक व दुःख किती सुरेख दाखवले म्हणून प्रेक्षकांनी त्याचे कौतुक केले, असे त्याचा सहकारी पुदोव्हकिन याने लिहून ठेवले आहे. प्रेक्षकाला आधी काही दिले तरच तो चेहऱ्यातून काही घेतो.

याचा अर्थ क्लोज-अप मोजून वापरावेत असा नाही. कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्क हिच्यावरील १९२८चा मूकपट जवळजवळ संपूर्ण चेहऱ्यांचा आहे, आणि तरीही तो धरून ठेवतो. मात्र तिथे तिच्यावर खटला चालू आहे; प्रत्येक चेहरा एक तर प्रश्न विचारत आहे किंवा उत्तर देत आहे, त्यामुळे एका क्लोज-अपकडून दुसऱ्याकडे जाण्यात गती आहे. आपल्या फिल्ममध्ये आजी कोणालाच काही विचारत नाही. पहिल्या मिनिटाला ती जितकी जवळ होती तितकीच सातव्या मिनिटालाही आहे, आणि जे अंतर बदलत नाही ते थोड्याच वेळात दिसेनासे होते.

आता दुरुस्ती. घर पाडले गेले असले तरी भावाच्या चित्रीकरणामुळे फिल्म वाचते. समोरच्या पदपथावरून घेतलेला एक शॉट त्यात आहे: खाली टेम्पो, त्यावर उलटे ठेवलेले स्टूल, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नखाएवढी आजी. ज्या लहानपणामुळे आपण तो शॉट टाकून दिलात, त्यातच त्याचे मोल आहे. फिल्म तिथून सुरू करा आणि तो किमान दहा सेकंद राहू द्या. त्यानंतर आजी देव्हारा भिंतीवरून उतरवते तो मिड शॉट घ्या, कारण देव्हाऱ्यामागचा न काळवंडलेला चौकोन त्यात दिसतो.

एका ठिकाणी मला खरोखर हळहळ वाटली. चौथ्या मिनिटाला, बाहेर पडताना, आजी सवयीने दाराजवळचे बटण दाबते. वीज आधीच तोडलेली आहे, दिवा लागणार नाही की विझणार नाही, आणि तरीही बावन्न वर्षांचा तो हात भिंतीकडे जातो. कॅमेरा त्या वेळी चेहऱ्यावर आहे. हात दिसत नाही, फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. संपूर्ण दिवसातली भावना त्या हातात होती. तो शॉट आता मिळणार नाही, पण आवाज आपल्याकडे आहे. भावाने सामान हलवल्यानंतरची रिकामी खोली चित्रित केली आहे. तो आवाज त्या खोलीवर टाका आणि मग थेट आजीच्या चेहऱ्यावर या, रडण्याच्या आधीच्या चेहऱ्यावर. डोळे भरून येण्याच्या बेतात असताना कट करा. केवळ डोळ्यांचा तो शॉट मी काढून टाकेन. अश्रू इतके मोठे दाखवले की प्रेक्षकाला स्वतःचे काही करायला उरत नाही, आणि आजीच्या त्या क्षणी एवढ्या जवळ जाण्याचा हक्क अनोळखी माणसाला नसावा, असेही मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांच्या लघुपटात कडक मुख्याध्यापक लो अँगलने, म्हणजे खालून, आणि शिक्षा झालेला मुलगा वरून दाखवला आहे. बलवान माणूस खालून आणि दुबळा वरून, असा नियमच आहे असे मुले सांगतात. तो इतका पक्का आहे का?
— एक शिक्षिका, वाशी

उत्तर : मुलांनी वाचले ते निराधार नाही. लहानपणी आपण सगळे मोठ्यांकडे मान वर करूनच पाहतो, आणि त्या अनुभवाची खूण मनात राहते. पण तो नियम नव्हे. ‘सिटिझन केन’ या १९४१च्या चित्रपटात निवडणूक हरलेला नायक आपल्या कार्यालयात मित्रासमोर उभा आहे, आणि दिग्दर्शक ऑर्सन वेल्स व छायालेखक ग्रेग टोलंड यांनी तो प्रसंग इतक्या खालून घेतला की त्यासाठी सेटची जमीन फोडून खड्डा करावा लागला. पराभूत माणूस छताला भिडणारा दिसतो. त्याचा आकार तेवढाच राहिला आहे, सत्ता गेली आहे, आणि त्या विसंगतीमुळे तो अधिक एकाकी वाटतो. तोच लो अँगल विजयाच्या सभेत असता तर अर्थ वेगळा झाला असता.

मुलांना नियमाऐवजी एक प्रश्न द्यावा: हे दृश्य कोण पाहत आहे? गोष्ट त्या मुलाची असेल, तर कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर, ठेवावा. मुख्याध्यापक आपोआप खालून दिसतील आणि ते दिसणे खरे वाटेल, कारण मुलगा त्यांना तसाच पाहतो. त्या मुलाला मात्र वरून घेऊ नये. वरून पाहणारी नजर मुख्याध्यापकांची तरी असते किंवा कीव करणाऱ्या मोठ्या माणसाची तरी, आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्या मुलाच्या बाजूने बोलायचे आहे. तो वर्गाबाहेर एकटा उभा आहे हे दाखवण्यासाठी रिकाम्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ट्रायपॉड लावावा, तेवढे पुरते.

प्रश्न : बहिणीच्या पाठवणीचे चित्रीकरण मोबाइलवर करणार आहे. जवळ गेलो की चेहरा विचित्र, नाक मोठे दिसते. दुरून झूम केले तर ठीक दिसते. दोन्हींत चेहरा तेवढाच मोठा असताना हा फरक का?
— एक वाचक, कोपरी

उत्तर : फरक अंतरामुळे पडतो. कॅमेरा चेहऱ्यापासून फूटभरावर असेल, तर नाक कानांपेक्षा प्रमाणात बरेच जवळ असते म्हणून ते मोठे येते. आठ-दहा फुटांवर गेल्यावर नाक आणि कान जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. फोनमध्ये दोन किंवा तीन पटींची वेगळी लेन्स असेल तर तीच वापरावी. बोटांनी ताणून केलेल्या डिजिटल झूमने चित्र फुटते. दूर उभे राहण्याने मागची माणसेही बहिणीच्या जवळ आल्यासारखी दिसतात, आणि पाठवणीच्या वेळी फ्रेममध्ये आई, मावशी, काका खांद्याला खांदा लावून असणे हेच हवे असते.

आणखी एक. हाताच्या अंतरावर फोन दिसला की माणूस डोळे पुसून हसण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे सभागृहाच्या दारापासून दहा-बारा फुटांवर, गाडीच्या पुढच्या बाजूला आधीच जागा धरावी आणि फोन कशाला तरी टेकवून स्थिर ठेवावा. बहीण गाडीत बसल्यानंतर लगेच बंद करू नये. गाडी निघून गेल्यावर दारात उभ्या राहिलेल्या आईवडिलांचा शॉट घ्यावा, आणि त्या वेळी झूम न करता ते रिकामे दार पूर्ण दिसू द्यावे.