दुर्बीण आहे, कॅमेरा नाही. हिवाळ्यात सिंहगड पायथा आणि खडकवासल्याला पक्षी बघायला जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे का म्हणजे? कॅमेरा नाही हेच बरंय. एका सकाळी दोन्ही ठिकाणं होतील का, हेही तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर खाली देतो. पण फोटोशिवाय फेरी फुकट जाईल या तुमच्या शंकेवर आमच्या घरात जुना वाद आहे, त्यामुळे आधी ते.

माझे दाजी सहाशे मिलिमीटरची भलीमोठी लेन्स घेऊन हिंडतात. त्यांच्या हिशेबी फोटो नाही तर पक्षी नाही. एका डिसेंबरात आम्ही दोघं खानापूरच्या अलीकडे, बॅकवॉटरच्या कडेला एका बांधावर बसलो होतो. पाण्यावर धुकं, लांबवर वारकरी (काळे पाणपक्षी, कूट), काठाच्या चिखलात धोबी पक्ष्यांची लगबग. दाजी ट्रायपॉडचे पाय घट्ट करण्यात गुंतलेले. बांधाच्या टोकाशी मुंग्यांची रांग होती आणि तिच्या शेजारी पडलेला वाळक्या फांदीचा तुकडा अचानक सरकला.

रायनेक! म्हणजे आपली मानमोडी. सुतार पक्ष्यांच्याच कुळातली, पण खोडं ठोकत बसायचं सोडून जमिनीवर मुंग्या खात फिरते. हिवाळ्यात येते खरी, पण दिसणं नशिबाचा भाग. अंगावर हुबेहूब सालीची नक्षी, डोक्यावरून पाठीवर उतरलेला गडद पट्टा. जीभ बाहेर कधी आली आणि आत कधी गेली तेच कळत नव्हतं, रांगेतली मुंगी तेवढी नाहीशी व्हायची. मध्येच थांबून तिने मान अशी काही वळवली की चोच सरळ पाठीवर टेकली. मी हळूच म्हटलं, "दाजी, हलू नका." दाजी म्हणाले, "थांब रे, लाईट मागून येतोय," आणि उठून दोन पावलं डावीकडे सरकले. झालं. पाखरू बाभळीत गडप.

नंतर पोहे खाताना दाजींचा निकाल: "साल बघितली असशील तू." तेच पुढे दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर. ग्रुपवर टाकलं तर खाली लगेच प्रश्न आला, "फोटो?" मी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, सगळं लिहून टाकलं: पट्टा, मुंग्या, अंतर, उजेड. तिथे लेखी वर्णनही धरतात, फोटोचीच सक्ती नाही. हे दाजींना दाखवलं तर म्हणे, "लिहायला काय जातंय?"

तर तुमचा प्रश्न. एका सकाळी दोन्ही होतं. आधी खडकवासल्याचं पाणी, मग सिंहगड पायथ्याची दरी. उलटं करू नका. दरीत ऊन उशिरा उतरतं आणि ऊन पडल्याशिवाय किडे उडत नाहीत. किडे नाहीत तर ते खाणारे माशीमार पक्षीही गप्प. आठनंतर जा, आणि एका जागी बसा. हिमालयातून उतरलेले नीलांग (निळा माशीमार) आणि निळ्या टोपीचा कस्तुर हे दोघे थंडीतलेच पाहुणे, त्यांच्यासाठी पायथ्याची झाडी बघायची. नीलांग उघड्या फांदीवर बसतो, कस्तुर मात्र सावलीत जमिनीवर पानं उलटत असतो, त्याला वेळ द्यावा लागतो. दरीत कुणी मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवताना दिसला तर तिथून सरळ निघा. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून खरा पक्षी खाणं सोडून भांडायला येतो, आणि यांना वाटतं आपलं कसब.

रविवारी मात्र नको. धरणाच्या चौपाटीवर भजी आणि कणसं खाणाऱ्यांची गर्दी असते, गडाकडची वाहतूक निराळीच.

बदकं मनात असतील तर खडकवासल्यावर भिस्त ठेवू नका. नीरेवरचं वीर धरण बघा, तिथे पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस, बार-हेडेड गूज) येतात, हिमालय ओलांडून. नाहीतर भिगवण, म्हणजे उजनीचं पाणी. फ्लेमिंगोचं गणित साधं आहे: पाणी ओसरून चिखल उघडा पडला की ते येतात. पाऊस चांगला झाला असेल आणि उजनी काठोकाठ असेल तर डिसेंबरात हात हलवत परत याल, फेब्रुवारी बरा. कुंभारगावला नाव केलीत तर बसायच्या आधीच नावाड्याला सांगा, थवा उडवायचा नाही. फोटोवाल्यांनी नावाड्यांना ती सवय लावलीय.

आता एक मान्य करायला हवं. काठावरचे छोटे तुतारी पक्षी किंवा उंचावरचा गरुड ओळखायला फोटो कामाला येतो, घरी मोठा करून बघता येतो. नवशिक्याला तर जास्तच. पण त्याला साधा झूमवाला कॅमेरा पुरतो, सहाशेची लेन्स लागत नाही.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची असेल तर उत्तम. दहापट मोठं दाखवणारी हातात थरथरते. आणि सोबत कुणी लेन्सवाला येतोच म्हणाला तर त्याला आधीच विचारा, बसल्या जागी अर्धा तास गप्प राहता येतं का. दाजींना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मग फोटो कसा काढायचा?"