सगळ्या पेशी सारख्याच, मग एकीचं हृदय आणि दुसरीचा डोळा कसा होतो?

तुमचा प्रश्न असा की माशाच्या अंड्यात सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्या दिसतात, जनुकंही तीच, मग कोणी काय व्हायचं हे कोण ठरवतं? पेशी कुठे आहे आणि केव्हा आहे, यावरून ते ठरतं. आजूबाजूच्या पेशी आणि खालचा बलक तिला तसे निरोप देतात.

ठाण्यात मी घरी झेब्रा डॅनिओ हे छोटे पट्टेरी मासे पाळतो. सकाळी उजेड झाला की ते अंडी घालतात. टाकीच्या तळाशी गोट्या पसराव्या लागतात, नाहीतर आईबापच अंडी खातात. अंडं पारदर्शक, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपखालीही सगळं दिसतं. प्रयोगशाळेत या अंड्यांना २८.५ अंश तापमान देतात. आमच्याकडे पावसाळ्यात हीटरशिवायच पाणी जवळपास तेवढं असतं.

पाऊण तासात एकाच्या दोन पेशी, पुढे दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. पहिले तीनेक तास आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर निघतात, मग भ्रूणाची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात. या काळात पेशी एकमेकींत इतक्या मिसळतात की कोण कोणाची लेक याला फारसा अर्थच उरत नाही.

बलकाच्या कडेकडून 'नोडल' नावाचं प्रथिन पसरतं. अगदी कडेच्या पेशींना ते भरपूर मिळतं, त्यांतल्या काही अंतःस्तरात, म्हणजे भ्रूणाच्या सगळ्यात आतल्या थरात जातात, तिथून आतडं, यकृत होतं. किंचित वरच्या मध्यस्तरात, म्हणजे मधल्या थरात, तिथून स्नायू, रक्त, हृदय. लांबच्यांना ते पोहोचतच नाही, त्यांची त्वचा आणि मज्जासंस्था होते. त्यातही पोटाच्या बाजूला 'बीएमपी' हे दुसरं निरोप्या प्रथिन जास्त, तिथे त्वचा. पाठीकडे 'कॉर्डिन' हे प्रथिन त्याला अडवतं, तिथे मेंदू आणि डोळे.

मला सगळ्यात जास्त भावतो तो रॉबर्ट हो आणि चार्ल्स किमेल या संशोधकांचा झेब्रा डॅनिओवरचा १९९३चा प्रयोग. त्यांनी एकेक पेशी उचलून भ्रूणात दुसऱ्याच जागी ठेवली. कडेच्या पेशी आत वळून हे थर बनायला नुकती सुरुवात झाली असताना हलवलेली पेशी नव्या शेजाराप्रमाणे बदलली. थोड्या उशिराने हलवलेली मात्र जुन्याच वाटेने गेली. म्हणजे निरोप ऐकून बदलण्याची एक वेळ असते, आणि माशात ती तासा-दोन तासांत निघून जाते.

अंडी मिळाली तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. डोळ्याची वाटी तयार असते आणि बलकावर हृदय धडधडत असतं.