जाळी बसवायची म्हणतात, पण त्याच्यावर लक्ष कोणाचं?

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. सासूबाईंचं अंग बाहेर येतं, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून जाळी बसवू. लंडनचे दीर म्हणतात तिकडे जाळी बंद केली, आणि इकडे मामांची हर्नियाची जाळी मस्त चाललीय. खरं काय समजायचं? आपल्याकडे हे बघतं कोण?

उत्तर: दिरांचं खरं आणि मामांचंही खरं. जाळी बहुतेक वेळा त्याच पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे एका प्लास्टिकची, पण कुठे आणि कुठल्या वाटेनं बसवली त्यावर सगळं. हर्नियाची जाळी कोणी बंद केली नाहीये. गडबड झाली ती योनीमार्गातून बसवलेल्या जाळीची, ती काहीजणींना आत घासून बाहेर यायला लागली, दुखणं सुरू झालं, आणि काढणंही सोपं नाही कारण मांस तिच्यात वाढून बसलेलं असतं. अमेरिकेत एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, २००८ मधे पहिल्यांदा सावध केलं आणि अंग बाहेर येण्यासाठीच्या या जाळीची विक्री थांबवायला लावली थेट एप्रिल २०१९ मधे, म्हणजे साडेदहा वर्षांनी! इंग्लंडनं जुलै २०१८ मधे वापर थांबवला, लघवी गळते त्यासाठी आत बसवतात त्या जाळीच्या पट्टीचा सुद्धा. तिकडच्या सरकारनं चौकशी करवली, तिच्या २०२० च्या कंबरलेज अहवालात आहे की बायका वर्षानुवर्षं त्रास सांगत होत्या आणि कोणी ऐकून घेत नव्हतं, वर किती जणींना जाळी बसवली याची धड नोंदही नाही. मला तर हेच जास्त भयंकर वाटतं.

आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम आहेत, शरीरात कायम राहणाऱ्या वस्तू त्यात सी किंवा डी, म्हणजे जास्त धोक्याच्या वर्गात येतात आणि त्यांचं लायसन्स दिल्लीची सीडीएससीओ, म्हणजे केंद्राची औषध नियंत्रण संस्था, देते. पण लायसन्स वस्तूचं असतं हो, सासूबाईंना ती लागते का हे काही दिल्लीहून कोणी बघत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, जाळी पोटातून बसवणार की खालून? खालून म्हणाले तर जाळीशिवाय, स्वतःच्याच मांसाला टाके घालून होईल का, नाहीतर आधी अंग वर धरून ठेवणारी रिंग योनीत बसवून बघता येईल का हे विचारा, आणि दुसऱ्या स्त्रीरोग सर्जनला दाखवल्याशिवाय तारीख घेऊ नका. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प नका बसू.

बसवलीच तर पाकिटावरचं कंपनी आणि लॉट नंबरचं स्टिकर मागून डिस्चार्ज पेपरला लावून घ्या. पुढे त्रास झालाच तर २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स म्हणून सरकारी कार्यक्रम आहे, अशा उपकरणांनी झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा, गाझियाबादहून चालतो, तिथे पेशंट स्वतःही कळवू शकतो आणि तेव्हा हाच नंबर लागतो.