फौजींना सगळं फुकट मिळतं का, आणि क्लबात कामाला माणूस का मिळत नाही

तुमचे प्रश्न दोन आहेत. साठ सभासदांच्या हॅम रेडिओ (हौशी वायरलेस) क्लबात कामाला चारच जण का, हा एक. आणि क्लबातल्या सात-आठ रिटायर्ड फौजींना सरकार सगळं फुकट देतं, वेळही रग्गड असतो, मग त्यांनीच क्लब का सांभाळू नये, हा दुसरा. मी सिग्नल कोअरमधून हवालदार म्हणून 2006 साली घरी आलो आणि पुढे अकरा वर्षं आमच्या क्लबाचा चिटणीस होतो. दोन्ही घरचा पाहुणचार घेतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फुकटाचं. पंधरा वर्षं नोकरी झाली की जवान पेन्शनला पात्र होतो, आणि बहुतेक जण चाळिशीच्या आसपास घरी येतात. त्या वयात मुलं शाळेत असतात, घराला वरचा मजला चढवायचा असतो, भावाचं देणं असतं. म्हणून बरेच जण पेन्शनचा काही भाग विकतात, म्हणजे त्याची एकरकमी रक्कम आधीच उचलतात. सैन्यात निम्म्यापर्यंत विकता येतो आणि तो भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. तोवर हातात येते ती कापलेली पेन्शन. मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या महिन्यात साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी धरली, ती नऊ वर्षं केली. रविवारी सकाळी आठला आमचं नेट, म्हणजे रेडिओवरची ठरलेली बैठक, असायचं. सातला पाळी सुटायची, घरी पोचून तोंडावर पाणी मारून मी चेक-इन (हजेरी) द्यायचो आणि हेडफोन कानाला असतानाच डुलकी लागायची. लोकांना वाटायचं, याला काय, बसून खातोय.

नेहमीच्या पेन्शनवर आयकर लागतो. शौर्यपदकधारकांची पेन्शन करमुक्त आहे, अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडलेल्यांनाही सूट आहे. पण सगळ्यांनाच सूट, असं नाही. टोलचंही तसंच. 1901 च्या कायद्यातली सवलत ड्युटीवरच्या माणसासाठी आहे. रिटायर्ड माणूस टोल भरतो. कार्ड दाखवून नाक्यावर वाद घालणारे आमचेच काही भाऊबंद असतात, त्यामुळे हा गैरसमज आणखी पसरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. कॅन्टीनमध्ये माल स्वस्त मिळतो, फुकट नाही, आणि त्यालाही महिन्याचा कोटा आहे. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, 2003 साली सुरू झाली. तिच्यात एकरकमी वर्गणी भरावी लागते. 2017 च्या अखेरीस ठरलेल्या दरानं हवालदारापर्यंत 30,000, जेसीओंना (सुभेदार वगैरे) 67,000 आणि अधिकाऱ्यांना 1,20,000 रुपये. 1996 च्या आधी रिटायर झालेल्यांना मात्र ही वर्गणी माफ आहे. घरपट्टीच्या माफीची योजना आपल्या राज्यात 2020 पासून आहे, पण ती घरबसल्या मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला काढा, अर्ज करा, मग माफी.

शिवाय फौजी म्हणजे पेन्शनवाला, हेही खरं नाही. शॉर्ट सर्व्हिसवाल्या अधिकाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. 2022 च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला सेवा निधीचे साधारण 11.71 लाख मिळतात. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. उद्या तुमच्या क्लबात एखादा असा पोरगा आला तर त्याला 'तुला काय कमी' म्हणू नका, ही विनंती.

आणि वेळाचं म्हणाल, तर कागदांत किती जातो ते बघा. दरवर्षी हयातीचा दाखला, आता 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर. आमच्या एका सुभेदारसाहेबांच्या डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव माहेरचं होतं आणि आधारवर सासरचं. उद्या फॅमिली पेन्शन अडू नये म्हणून ते दुरुस्त करायला त्यांनी अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज असे दीड वर्ष हेलपाटे घातले. त्या दीड वर्षात ते सभेला आले नाहीत, आणि आपल्याच माणसांनी 'साहेबांना आता क्लब नको झाला' असं ठरवून टाकलं.

आता अनास्थेचं. आमच्या क्लबाची दर वार्षिक सभा एकाच पद्धतीनं व्हायची. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू, तेच सहा जण, चहा, जुनीच कार्यकारिणी कायम. नवी नावं कधी आली तरी फेरफार अहवाल, म्हणजे कार्यकारिणीतल्या बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयात द्यायचा राहून जायचा. माझ्याही हातून दोनदा राहिला, हे कबूल करतो. मग एका पावसाळ्यात डोंगरावरच्या रिपीटरची (आमचे सिग्नल लांबवर पोचवणाऱ्या यंत्राची) बॅटरी बसली. बँकेत सही चालणारे दोघे. एक वारले होते, दुसरे मुलाकडे पुण्याला गेले होते. नव्या सह्यांसाठी बँकेनं फेरफाराचा आदेश मागितला. खात्यात पैसे होते आणि आम्ही खिशातून वर्गणी काढून बॅटरी आणली. वर चढलो तर केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून आतली तांब्याची जाळी हिरवी पडलेली. टेप नीट गुंडाळायला दहा मिनिटं लागतात, पण ते काम कुणाचं, हेच कधी ठरलं नव्हतं.

तिथून मी 'सर्वांनी सहकार्य करावे' अशी पत्रं पाठवणं बंद केलं. एकेकाला फोन लावला आणि एका संध्याकाळात संपेल एवढंच काम सांगितलं. नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवायचं काम, आठवड्याआड फिरता केला, अगदी नवख्या व्हीयू-थ्री (सुरुवातीच्या परवान्या) वाल्यांनाही दिला. पहिल्या रविवारी एका मुलीचा आवाज इतका कापत होता की कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) तीनदा सांगावं लागलं. पण त्या दिवशी एरवी नऊच्या जागी एकवीस चेक-इन आले, कारण तिनं आदल्या रात्री सगळ्यांना मेसेज केले होते. सुभेदारसाहेबांना मी सभेला बोलावलंच नाही. वरच्या, जनरल ग्रेडच्या परवान्याला मिनिटाला आठ शब्द मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) लागतो आणि तीन पोरं त्यात अडकली होती. मी ती त्यांच्या ओसरीवर नेऊन बसवली. साहेबांनी कपाटातून मोर्स ठोकायची पितळी की काढली, फडक्यानं पुसली आणि पहिला तास फक्त मनगट सैल कसं ठेवायचं तेवढंच शिकवलं. पुढचे चार महिने त्यांचा एक मंगळवार चुकला नाही.

फौजींना वर्गणी माफ करावी का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत, करू नये. ज्याची खरंच अडचण आहे त्याची, फौजी असो नसो, गाजावाजा न करता माफ करा. बाकीच्यांकडून घ्या, मी स्वतः आजही भरतो.

क्लब नोंदणीकृत असेल तर या आठवड्यात एवढं बघा, शेवटचा फेरफार अहवाल कधी दाखल झाला. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांची मुदत असते. ती टळली असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडा, आणि बँकेत सह्या कुणाच्या आहेत ते पासबुक घेऊन स्वतः जाऊन विचारून या.