वाचक विचारतात : बासष्ट नंबरचं चॅनेल

प्रश्न : मुलगा डॅलसला असतो. तो आला तेव्हा त्याने १९८९ सालचा ‘यूएचएफ’ हा सिनेमा लावला आणि हसून हसून गडाबडा लोळला. बंद पडायला आलेलं एक टीव्ही केंद्र एक स्वप्नाळू तरुण चालवायला घेतो, एवढी गोष्ट मला कळली. पण हे नाव कशासाठी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी प्रक्षेपण केंद्रात शंभर वॅटच्या ट्रान्समीटरशेजारी गेली, त्यामुळे हा सिनेमा मला नावापासूनच आवडतो. अमेरिकेत २ ते १३ ही चॅनेल व्हीएचएफ म्हणजे ‘व्हेरी हाय फ्रिक्वेन्सी’ पट्ट्यात असत आणि १४ ते ८३ त्याच्या वरच्या यूएचएफ म्हणजे ‘अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी’मध्ये. वरच्या पट्ट्यातल्या लहरी आखूड असतात. टेकडी किंवा इमारत आडवी आली की सिग्नल ढेपाळतो, आणि तेवढाच मुलूख गाठायचा तर ताकद कितीतरी जास्त लावावी लागते. तिथल्या नियमात व्हीएचएफला कमाल ३१६ किलोवॅटची मुभा होती, तर यूएचएफला ५,००० किलोवॅटची. पण तेवढं वीजबिल छोट्या मालकाने कुठून भरायचं?

त्यात घरातल्या संचांचीही अडचण होती. नव्या संचात यूएचएफ पकडण्याची सोय हवीच, ही सक्ती १९६२च्या कायद्यामुळे १९६४ पासून आली. तरीही जुन्या संचांवर दोन वेगळी बटणं असायची. व्हीएचएफचं बटण प्रत्येक चॅनेलवर खट्कन थांबायचं. यूएचएफचं मात्र रेडिओच्या काट्यासारखं नुसतं सरकायचं आणि सिनेमातल्यासारखं बासष्ट नंबरचं चॅनेल सापडेपर्यंत पडद्यावर मुंग्याच मुंग्या. म्हणजे ‘यूएचएफ’ एवढं म्हटलं की तिथल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे गावातलं गरीब, कुणी न बघणारं चॅनेल उभं राहायचं. नायकाच्या मामाने ते पत्त्यांच्या डावात जिंकलेलं असतं, यावरूनच त्याची किंमत ओळखा.

प्रश्न : एवढा लोकप्रिय सिनेमा तेव्हा पडला का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : तारीख बघा : २१ जुलै १९८९. त्या उन्हाळ्यात ‘बॅटमॅन’, ‘इंडियाना जोन्स’चा तिसरा भाग, ‘घोस्टबस्टर्स’चा दुसरा, ‘लीथल वेपन’चा दुसरा असे सगळे एकाच वेळी थिएटरांत होते. विडंबनगीतांसाठी प्रसिद्ध असलेला ‘विअर्ड अल’ यांकोविक यात नायक होता आणि जे लीव्ही या दिग्दर्शकाबरोबर पटकथाही त्याचीच. सुमारे ५० लाख डॉलर खर्च झाला आणि अमेरिकेत गल्ला जेमतेम ६० लाखांच्या आसपास. थिएटरचा वाटा गेल्यावर त्यात निर्मात्याच्या हाती काय उरणार! पुढे व्हिडिओ कॅसेट आणि केबल यांनी त्याला घरोघरी नेलं. नंतर कॅसेटही बरीच वर्षं दुर्मीळ झाली. डीव्हीडी आली २००२ मध्ये.

पण लोकांनी तो जपला त्याचं कारण मला स्टॅन्ली वाटतो. गावातल्या प्रतिस्पर्धी मोठ्या चॅनेलने खोटा आळ घेऊन हाकललेला सफाई कामगार. हे काम मायकेल रिचर्ड्सने केलंय; तो पुढे ज्या विनोदी टीव्ही मालिकेमुळे गाजला, त्या ‘साइनफेल्ड’चा पहिला भाग दाखवला गेला तो याच महिन्यात. नायक खचून मुलांचा कार्यक्रम अर्धा टाकून निघून जातो आणि कॅमेऱ्यासमोर स्टॅन्लीला उभं करतो. हा माणूस आपला मॉप हातात धरून बोलायला लागतो : आयुष्य या मॉपसारखं आहे, त्यात घाण भरते, केस अडकतात, मग तो धुवून घ्यायचा. बोलता बोलता तो रडकुंडीला येतो, पेटून उठतो, आणि तिकडे बारमध्ये बसलेली माणसं गप्प होऊन टीव्हीकडे वळतात. एका झाडूवाल्याला कुणीतरी पहिल्यांदा ऐकत असतं. हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, दर वेळी घसा दाटतो.

शेवटी केंद्र वाचवायला ७५ हजार डॉलर हवे असतात, म्हणून गावालाच त्याचे शेअर विकायला काढतात. शेवटचे शेअर घेतो एक भिकारी. मोठ्या चॅनेलच्या मालकाने त्याच्या हातावर एक सेंट टेकवलेला असतो, आणि ते निघतं टांकसाळीच्या चुकीमुळे दुर्मीळ झालेलं १९५५चं नाणं. प्रेक्षकच केंद्राचे मालक होतात, हे मला अतिशय योग्य वाटतं.

प्रश्न : त्यात महात्मा गांधींची टिंगल आहे. तुम्हाला चालते?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : तुम्ही वर्ध्याहून विचारताय, म्हणून सरळ सांगतो. ‘गांधी २’ नावाच्या खोट्या सिनेमाच्या जाहिरातीतले मशिनगन चालवणारे आणि हॉटेलात मांस मागवणारे गांधी मला खुपले. निशाणा हॉलिवूडवर आहे, हे मान्य. १९८२च्या ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाले होते, आणि चाललेल्या प्रत्येक सिनेमाचा दुसरा भाग मारामारी घालून काढायचा हा तिथला धंदा. तेवढा मिनिटभराचा तुकडा मी आजही पुढे सरकवतो. बाकीच्या सिनेमावरचा जीव त्यामुळे कमी झालेला नाही.

प्रश्न : प्राण्यांचा कार्यक्रम करणारा राउल मधूनच दिसेनासा होतो, असं का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ते काम त्रिनिदाद सिल्वा करत होता. चित्रीकरण ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात चाललं होतं. त्याचे काही प्रसंग राहिले असतानाच ३१ जुलै १९८८ रोजी मोटार अपघातात तो गेला. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं केलं नाही. सिनेमा त्याच्याच स्मृतीला अर्पण केला आहे.