विद्यार्थी व्हिसा, जादा तास आणि ब्रिटनची डिटेन्शन सेंटर्स

तुम्ही विचारलंय : विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनला यायचंय, एजंट म्हणतो आठवड्याला २० तासांच्या वर काम केलं तरी कोणी बघत नाही, आणि घरचे मात्र डिटेन्शन सेंटरच्या, म्हणजे व्हिसा नसलेल्या परदेशी लोकांना अटकेत ठेवायच्या जागांच्या, बातम्या वाचून धास्तावलेत. यात खरं कोणाचं?

घरच्यांचं, पण पूर्ण नाही. कागद नीट असतील तर सेंटरशी तुमचा संबंध येणार नाही. एजंटचा सल्ला मात्र थेट तिकडे नेणारा आहे. सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला २० तासांचीच मुभा असते. ती मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि व्हिसा गेला की ताब्यात घेण्याचा अधिकार इमिग्रेशन अधिकाऱ्याकडे असतो. त्यासाठी आधी न्यायाधीशापुढे जावं लागत नाही.

मी इथे राहतो आणि अटकेतल्या लोकांना भेटणाऱ्या एका गटाबरोबर अधूनमधून दुभाष्या म्हणून जातो. तिथले लोक जेवणाबद्दल, खोलीबद्दल बोलतात, पण सगळ्यात जास्त बोलतात ते ‘कधी सुटणार’ याबद्दल. कारण ब्रिटनमध्ये या अटकेला कायद्याने ठरवलेली कमाल मुदतच नाही. युरोपियन युनियनच्या २००८च्या निर्देशात ६ महिने, अपवादात्मक परिस्थितीत एकूण १८ महिने अशी मर्यादा आहे; इथे तीही नाही. बहुतेक जण २८ दिवसांच्या आत बाहेर पडतात हे खरं, पण आत बसलेल्याला आपण त्या ‘बहुतेकां’त आहोत की नाही हे कळत नाही. तुरुंगातला कैदी निदान दिवस मोजू शकतो.

गॅटविक विमानतळाजवळच्या ब्रूक हाऊसचं उदाहरण वाचून ठेवा. हे डिटेन्शन सेंटर कडक बंदोबस्ताच्या तुरुंगाच्या धर्तीवर बांधलेलं आहे. २०१७मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांच्या वागणुकीचं छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण बीबीसीवर दाखवलं गेलं, मग सार्वजनिक चौकशी बसली. सप्टेंबर २०२३च्या अहवालात अवघ्या पाच महिन्यांतल्या १९ घटना नोंदल्या आहेत, ज्या युरोपीय मानवी हक्क करारातल्या, छळ व अमानुष वागणुकीला मनाई करणाऱ्या कलम ३चा भंग ठरू शकतात. रात्री खोल्यांत कोंडून ठेवण्यावर त्यात टीका आहे. अटकेला २८ दिवसांची मर्यादा घाला अशी शिफारसही आहे. सरकारने ती मानली नाही. सेंटर तेव्हा एक खासगी कंपनी चालवत होती. माझ्या मते मूळ दुखणं इथेच आहे : ही अटक शिक्षा नाही, फक्त प्रशासकीय कारवाई, असं म्हटलं की फौजदारी खटल्यात आरोपीला जे संरक्षण मिळतं ते इथे गळून पडतं.

तरी हक्क आहेत, आणि ते मागावे लागतात. सेंटरमध्ये वकिलाचा अर्ध्या तासाचा मोफत सल्ला मिळतो. पहिल्याच दिवशी नाव नोंदवायचं. जामिनासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. राहायचा पत्ता असला तर सोपं जातं. आजार असेल, आधी छळ झालेला असेल, तर ते डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, कारण सेंटरच्या नियमावलीतल्या नियम ३५खाली डॉक्टरने गृहखात्याला अहवाल द्यायचा असतो. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या दूतावासाला कळवा असंही सांगता येतं. फक्त ज्याने आपल्याच सरकारच्या भीतीने आश्रय मागितलाय त्याने ते आधी वकिलाला विचारून करावं. न समजलेल्या कागदावर सही नको, दुभाष्या मागा.

आणि एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. कॅमेरा आणि इंटरनेट असलेला फोन आत वापरू देत नाहीत, साधा फोन मिळतो. दोन-तीन नंबर पाठ ठेवा, आणि पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजच्या पत्रांच्या प्रती कोणा विश्वासू माणसाकडे द्या.

एजंटला म्हणावं, ते ‘कोणी बघत नाही’ लेखी दे.